पाण्याचा खर्च आणि पाण्याची किंमत

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या सभेंत देवळाच्या बांधणीचा, वाडवडिलांच्या श्रद्धेचा आणि दात्यांच्या औदार्याचा इतिहास सांगावा, अशी वहिवाट आहे. तो ह्या पुस्तकांत अन्यत्र येणारच आहे. आम्हांस आज पाण्याविषयीं बोलावयाचें आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ह्या तीन गांवांतून आपण येथें जमलों आहोंत. आणि नळाची वेळ, टँकरची वेळ व मिस्साची वेळ ह्यांचा मेळ घालावा लागत नाहीं असें घर आपल्यांत विरळा. रविवारीं सकाळीं ज्या गृहिणी मागच्या बाकावर बसून घड्याळाकडे पाहतात त्यांच्या भक्तींत उणेपणा आहे, असें कोणीं समजूं नये. त्यांच्या घरीं पाणी यावयाची वेळ झालेली असते.

जगांत गोड्या पाण्याची टंचाई आहे, असें आपण वाचतों. पृथ्वीवरील पाण्याचे शेंकडा सत्त्याण्णव भाग खारे. उरलेल्या तिहींतील बराचसा अंश बर्फ होऊन बसलेला. नद्या, तळीं आणि विहिरी मिळून मनुष्याच्या हातीं लागतें तें अगदींच थोडें. हें सर्व खरें. पण आम्हांला ही सबब लागू नाहीं. सह्याद्रीच्या पायथ्याशीं आम्ही राहतों. २७ जुलै २०१९ रोजीं उल्हास नदीला असा पूर आला कीं, कोल्हापुरास निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पाण्यांत अडकली आणि हजारांवर उतारूंना होड्यांतून बाहेर काढावें लागलें. जेथें जुलैंत आगगाडी अडकते तेथेंच मे महिन्यांत बायका हंडे मांडून टँकरची वाट पाहतात. तेव्हां पाऊस कमी पडतो हें आमचें दुखणें नव्हे. पडलेलें पाणी कोणाच्या ताब्यांत जातें आणि कोणत्या अटीवर परत मिळतें, हा आमचा प्रश्न आहे.

त्या पाण्याची वाट एकदां पाहून घेऊं. उल्हास नदी बोरघाटाच्या उत्तरेस राजमाचीच्या खोऱ्यांत उगम पावते आणि कर्जत, नेरळ, बदलापूर करीत कल्याणाकडे खाडीस मिळते. उन्हाळ्यांत तिच्या पात्रांत जें पाणी दिसतें त्यांतील पुष्कळसें तिचें स्वतःचें नसतें. आंध्रा नदी ही वस्तुतः पूर्वेकडे, भीमेच्या खोऱ्यांत वाहणारी. तिला ठोकरवाडी येथें धरणानें अडवून, तिचें पाणी घाटाखालीं भिवपुरीस उतरवून, टाटा कंपनीनें १९२२ सालीं त्यावर वीज काढण्यास आरंभ केला. वीज निघाल्यावर तें पाणी उल्हासच्या ओघांत येतें. म्हणजे मावळांतल्या पावसावर मुंबईचे दिवे लागतात, आणि दिवे लावून उरलेल्या पाण्यावर आमच्या चुलीवरचा भात शिजतो. ही सोय झाली, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण त्याच सुमारास मुळशी येथें अशाच धरणासाठीं मावळ्यांचीं शेतें जाऊं लागलीं, तेव्हां १९२१ सालीं सत्याग्रह सुरू झाला आणि सेनापति बापट त्याचे पुढारी झाले, हेंहि विसरतां येत नाहीं. नदीचें पाणी एखाद्या कंपनीच्या कामास लावावें कीं नाहीं, हा वाद महाराष्ट्रांत शंभर वर्षांचा जुना आहे.

आमचा दुसरा आधार बारवी धरणाचा. तें १९७२ सालीं झालें आणि त्याची मालकी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे आहे. हें महामंडळ १९६२ सालीं कारखान्यांना जमीन, रस्ते व पाणी पुरविण्यासाठीं निघालें. बारवीचें पाणी नदींत सोडतात, जांभूळ येथें उचलतात, शुद्ध करतात, आणि कारखान्यांना व नगरांना विकतात. उल्हासनगर तर सर्वस्वीं त्याच्यावर अवलंबून आहे. सिंधमधून निर्वासित होऊन आलेल्या लोकांची छावणी, कल्याण कँप, ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी ह्यांच्या हस्तें उल्हासनगर झाली. वस्तीला नदीचें नांव मिळालें, नदी मिळाली नाहीं. पाण्याच्या थकलेल्या बिलांवरून महामंडळ आणि महानगरपालिका ह्यांची कुरबुर आपण वेळोवेळीं वाचतोंच. अंबरनाथ आणि बदलापूर ह्यांस मुख्यतः महाराष्ट्र जीवन प्राधिकरण बदलापूरच्या बंधाऱ्यावरून पाणी देतें. ह्या संस्था सरकारी आहेत; त्यांना खासगी म्हणणें अन्यायाचें होईल. तथापि एक अडचण उरतेच. जो पाणी विकतो त्याला आपण मत देत नाहीं, आणि ज्याला मत देतों त्याच्या हातीं पाणी नाहीं.

खासगीकरण म्हणतात तें अन्यत्र उघडपणें झालें आहे. १९९८ सालीं, आज जो भाग छत्तीसगडांत मोडतो तेथें, शिवनाथ नदीचा तेवीस किलोमीटरांहून अधिक लांबीचा पट्टा बावीस वर्षांच्या करारानें एका कंपनीच्या स्वाधीन केला. पिढ्यान् पिढ्या तेथें जाळें टाकणाऱ्यांना नदीवर येण्याची मनाई झाली. नागपुरांत २०१२ पासून शहराच्या पाण्याचा कारभार पंचवीस वर्षांसाठीं खासगी चालकाकडे आहे. मुंबईंत अंधेरी-विलेपार्ल्याकडील विभागासाठीं जागतिक बँकेच्या साह्यानें तशीच योजना पुढें आली होती. २००७ सालीं तेथल्या नागरिकांनीं सभांतून तिला हरकत घेतली.

परंतु ह्या बाबतींत सर्वांत शिकण्यासारखी हकीकत बोलिव्हियाची. हा दक्षिण अमेरिकेंतील देश बहुतांशीं कॅथलिक आहे. तेथें कोचाबांबा नांवाच्या शहराचें पाणी १९९९ सालीं एका कंपनीस दिलें. तिच्यांत बेक्टेल ह्या परदेशी कंपनीचा भाग होता. लोकांनीं मोहल्ल्या-मोहल्ल्यांत वर्गणी काढून ज्या विहिरी खणल्या होत्या त्याहि कराराच्या जाळ्यांत येऊं लागल्या. दर एकदम चढले. लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, सतरा वर्षांचा एक मुलगा मेला. तेथील महागुरुस्वामी तीतो सोलारी ह्यांनीं मध्यस्थी केली, आणि एप्रिल २००० मध्यें सरकारनें करार मागें घेतला. येथवरची गोष्ट लोक आवडीनें सांगतात. पुढची सहसा सांगत नाहींत, ती अशी कीं, कंपनी गेल्यावरहि शहराच्या दक्षिणेकडील गरीब वस्तींत नळ पोहोंचले नाहींत आणि तेथले लोक टँकरचेंच पाणी विकत घेत राहिले. मालक बदलला म्हणजे घागर भरते असें नाहीं. म्हणून केवळ 'कंपनी नको' एवढ्या घोषणेवर आमचें समाधान होत नाहीं.

आमच्या तिन्ही गांवांत शिवनाथ किंवा कोचाबांबासारखा करार झालेला नाहीं. म्हणूनच येथें पाणी कसें खासगी होत गेलें हें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. प्रथम नदी नासली. वालधुनीच्या कांठीं अंबरनाथाचें जें शिवालय आहे तें शके ९८२ मध्यें, म्हणजे इ. स. १०६० च्या सुमारास, शिलाहार राजा माम्वाणि ह्याच्या काळीं झालें. ज्यांनीं बांधलें त्यांनीं नदी पाहूनच जागा निवडली असली पाहिजे. आज त्या नदीचा रंग कोणता, हें त्या दिवशीं कोणीं काय सोडलें त्यावरून ठरतें. चिखलोलीचें धरण लहानसें, पण अंबरनाथास पाणी पाजणारें. त्याच्याहि आसपास कारखाने येऊन भिडले. २०१४ च्या नोव्हेंबरांत टँकरनें आणलेलें रसायन वालधुनींत ओतलें गेलें, आणि त्यांतून निघालेल्या वायूनें उल्हासनगरच्या शेंकडों रहिवाशांना इस्पितळांत न्यावें लागलें. 'वनशक्ति' ह्या संस्थेच्या अर्जावरून राष्ट्रीय हरित लवादानें २०१५ सालीं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांना आणि नगरसंस्थांना कोट्यवधि रुपयांचा दंड ठोठावला. दंड योग्यच होता. पण दंडानें नदी धुतली जात नाहीं.

उत्पत्तीच्या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायांत इसहाकाची गोष्ट आहे. त्याचा बाप अब्राहाम ह्याच्या वेळीं खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनीं माती लोटून बुजविल्या. इसहाकानें नव्या खणल्या, तर त्यांवरहि भांडण; एका विहिरीला त्यानें नांवच 'तंटा' ठेवलें, दुसरीला 'वैर'. तिसरीवर कोणी भांडावयास आलें नाहीं, तेव्हां तिला त्यानें मोकळ्या जागेचें नांव दिलें. ज्यांनीं विहिरी बुजविल्या त्यांना त्या स्वतःसाठीं नको होत्या. दुसऱ्याला पाणी मिळूं नये, एवढाच हेतु. आमच्याकडे ज्यांनीं नदी नासली त्यांचा असा हेतु नसेलहि. परिणाम मात्र एक पाऊल पुढचा झाला. ओढ्याचें गटार झालें, विहिरींत कचरा पडला, नदीला हात लावावासा वाटेना, कीं फुकटचें पाणी संपलें. आणि फुकटचें पाणी संपल्याशिवाय विकतच्या पाण्याला गिऱ्हाईक मिळत नाहीं.

मग टँकर येतो. टँकरवाला पाणी आणतो तें बहुधा कोणाच्या तरी खासगी विहिरींतून किंवा बोअरमधून. आपल्या जमिनीखालचें पाणी मालकानें हवें तेवढें उपसावें, अशी मुभा १८८२ सालच्या सुखाधिकारांच्या कायद्यापासून चालत आलेली आहे. त्या काळीं पाणी मोटेनें निघे. बैल दमले म्हणजे उपसा थांबे. पंपाला दम लागत नाहीं. शिवाय भूमीखालचें पाणी कुंपण ओळखत नाहीं. एकाचा बोअर खोल गेला कीं शेजारच्या दहा विहिरी आटतात, आणि त्या दहा घरांना त्यांच्याच पायाखालचें पाणी टँकरनें विकत मिळतें. विलापगीतांत पराभूत यरुशलेमाचीं जीं दुःखें नोंदलीं आहेत त्यांत आपल्याच पाण्याला दाम मोजण्याचें दुःखहि आहे. तेथें परचक्र आलें होतें. येथें कोणतेंच परचक्र आलेलें नाहीं.

बाटलीविषयींहि थोडें बोललें पाहिजे. अंबरनाथाजवळ काकोळे येथें जी. आय. पी. रेल्वेनें वाफेच्या इंजिनांसाठीं बांधलेला तलाव आहे. इंजिनें गेलीं, तलाव राहिला. त्याच अंबरनाथांत २०१४ पासून रेल्वेच्या 'रेल नीर' पाण्याचा कारखाना चालतो. लिटरच्या बाटलीची किंमत सप्टेंबर २०२५ मध्यें पंधरा रुपयांवरून चौदा झाली. ती बाजारांतील पुष्कळ बाटल्यांहून स्वस्त आहे. तरी हजार लिटरांचा हिशेब चौदा हजार रुपये होतो. नळाचें तितकेंच पाणी केवढ्यास पडतें, तें ज्यानें त्यानें आपल्या घरच्या बिलावर पाहावें. हा फरक एखादा प्रवासी सोशील. ज्या चाळींत नळाला गढूळ पाणी येतें आणि घरांत तान्हें मूल आहे, तेथल्या मोलकरणीनें तो कोठून सोसावा ?

आतां कोणी विचारील, पाणी काय फुकट द्यावें ? धरणाला पैसा लागतो, पंपाला वीज लागते, तुरटी आणि क्लोरीन ह्यांना दाम पडतात, फुटलेला नळ सांधणाऱ्यालाहि पोट आहे. प्रश्न योग्य आहे. आणि ऐपत असून जे पाणीपट्टी बुडवितात त्यांची वकिली आम्ही करणार नाहीं. परंतु खर्च आणि किंमत ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि हा भेद आपल्या ख्रिस्तसभेला चांगला ठाऊक आहे. स्नानसंस्कार होतो, लग्न लागतें, तेव्हां आपण कांहीं देणगी देतों. तींतून देवळाच्या दिवाबत्तीचा खर्च भागतो. तथापि १९८३ सालच्या कॅनन कायद्याचें ८४८ वें कलम धर्मगुरूंना बजावतें कीं, ठरलेल्या देणगीहून अधिक कांहीं मागूं नये, आणि दारिद्र्यामुळें कोणी संस्कारांस मुकत नाहीं ह्याची सदैव काळजी घ्यावी. देणगी आहे, पण ती न देणाऱ्याच्या बाळाला स्नानकुंडापासून परत पाठविण्याचा अधिकार कोणालाहि नाहीं. कुंडांतल्या पाण्याला जो नियम लागतो तो हंड्यांतल्या पाण्याला कां लागूं नये ? खर्च सर्वांनीं ऐपतीप्रमाणें उचलावा. मात्र जो देऊं शकत नाहीं त्याची तोटी बंद करण्याचा अधिकार कोणाच्याहि हातीं असूं नये, मग तो हात कंपनीचा असो, टँकरवाल्याचा असो वा सरकारी कचेरीचा असो. आमच्या मतें ह्या साऱ्या वादाचें मर्म येथें आहे. मालक कोण, हा प्रश्न त्याच्या मागून येतो.

१९९२ सालीं डब्लिन येथें जमलेल्या तज्ज्ञांनीं पाणी ही आर्थिक वस्तु मानावी असें ठरविलें, आणि पुढें त्याच सूत्राचा आधार घेऊन पुष्कळ देशांत पाण्याचे करार झाले. २८ जुलै २०१० रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें शुद्ध पाणी हा मनुष्यमात्राचा हक्क मान्य केला. १२२ देशांनीं बाजूनें मत दिलें, त्यांत भारत होता. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनीं २०१५ सालच्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रांत तेंच म्हटलें, आणि पाण्याचा बाजारांतील माल होऊं लागला आहे ह्याबद्दल काळजी व्यक्त केली.

हक्क आणि मालकी ह्यांचा झगडा आपल्या कोंकणानें तर रोमच्या व न्यूयॉर्कच्या पुष्कळ आधीं पाहिला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी प्राशन केलें, हें शाळेंतल्या मुलासहि ठाऊक आहे. पुढें जो दावा चालला तो मात्र फारसा कोणास ठाऊक नसतो. विरोधकांनीं कोर्टांत सांगितलें कीं, अस्पृश्यांना वगळण्याची वहिवाट जुनी आहे, आणि शिवाय तळें सार्वजनिक नसून खासगी मालकीचें आहे. वाद दहा वर्षें चालला. १९३७ च्या मार्चांत मुंबई हायकोर्टानें तो त्यांच्याविरुद्ध निकालांत काढला. विटाळाची सबब अपुरी वाटली तेव्हां मालकीची सबब पुढें आली, ही त्यांतली ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट. उलट पुण्यास १८६८ सालीं जोतीराव फुले ह्यांनीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. तो हौद खरोखर खासगी होता, आणि उघडण्यास कोणाच्या निकालाची वाट पाहावी लागली नाहीं.

आपल्यापैकीं कित्येकांचें माहेर वसईचें. तेथील बागाइती पट्ट्यांतल्या विहिरींचें गोडें पाणी टँकरनें उपसून शहराकडे विकण्याचा धंदा माजला, तेव्हां 'हरित वसई संरक्षण समिती'नें त्याविरुद्ध लोक उभे केले. तिचे पुढारी फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे 'सुवार्ता'चे संपादक होते, २०२० सालीं उस्मानाबादच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २०२४ सालीं वारले. समुद्रकांठीं गोडें पाणी अति उपसलें कीं खारें पाणी आंत शिरतें. मग केळीहि जातात आणि पिण्याचें पाणीहि जातें, हें तेथल्या शेतकऱ्याला पुस्तक न वाचतां कळत होतें. मात्र त्याच वसई-विरारची तहान पुढें सूर्या धरणाच्या पाण्यानें भागविली गेली, आणि तें धरण डहाणू-पालघरकडील आदिवासींच्या शेतीसाठीं म्हणून बांधलें होतें. आपली विहीर राखणाऱ्यानेंहि आपल्या नळाचें पाणी कोठून येतें तें विचारावें लागतें.

आमच्या नळाचें तर विचारलेंच पाहिजे. बारवीची उंची टप्प्याटप्प्यानें वाढविली, आणि तोंडली, काचकोली, कोळे-वडखळ अशा वस्त्यांना उठावें लागलें. पाणी घेणाऱ्या नगरसंस्थांनीं त्या कुटुंबांतील एकेकास नोकरी द्यावी असें ठरलें. ही रीत चांगली, आणि ती शेवटच्या घरापर्यंत पाळली जाते कीं नाहीं हें पाहणें पाणी पिणाऱ्यांचें काम आहे. मुरबाडकडे काळू नदीवरील धरणाचें काम वनखात्याच्या मंजुरीवांचून सुरू झाल्यामुळें २०१२ सालीं हायकोर्टानें थांबविलें. २०२५ सालीं मंत्रिमंडळानें कर्जत तालुक्यांतील पोशीर आणि शिलार ह्या दोन धरणांस मान्यता दिली. धरणें नकोतच, असें आम्ही म्हणत नाहीं. वाढत्या वस्तीला पाणी लागणारच. ज्या ठाकूर-कातकऱ्यांची भुई पाण्याखालीं जाईल त्यांच्या नव्या वस्तींत नळ सर्वांच्या आधीं यावा, एवढी मागणी पाणी पिणाऱ्यांनीं स्वतः करावी, असें मात्र आम्हांस वाटतें. विस्थापितांनीं ती एकट्यांनींच करावी, हें बरें दिसत नाहीं.

आतां आपल्या दारचें. ज्युबिलीच्या निधींतून शिल्लक राहिल्यास तिचा विनियोग कसा करावा ह्याचा विचार पॅरिश सभेपुढें आहे. आमची सूचना अशी कीं, पावसाळ्यापूर्वीं देवळाच्या छपरावरचें पाणी पन्हळ्यांनीं गोळा करून जमिनींत मुरविण्याची सोय करावी. एवढ्या छपराचें पाणी आज रस्त्यावरून गटारांत जातें. आणि आवाराच्या भिंतीला एक नळ बसवावा. त्याची तोटी रस्त्याच्या बाजूस असावी, म्हणजे फाटक बंद असतांनाहि रिक्षावाला, भाजीवाली किंवा समोरच्या झोपडीतली पोर येऊन कळशी भरूं शकेल. पाण्याची तपासणी दर तिमाहीस करून तिचा दाखला तेथेंच लावावा. पाणीपट्टी देवळाच्या हिशेबांत धरावी. तिच्यासाठीं निराळी पेटी ठेवूं नये. खर्चाचा अंदाज एखाद्या जाणत्या प्लंबरकडून घेऊन तो येत्या सभेंत मांडण्यास आम्ही तयार आहोंत.